टवका उडालेली ताटली

मी एक जुनी ताटली आहे. पांढऱ्या एनॅमलची, निळ्या काठाची, मधोमध लाल जास्वंद असलेली. काठाला एका जागी टवका उडाला आहे आणि तिथून आतलं लोखंड दिसतं. गेली कित्येक वर्षं गावात सगळे मला कुत्र्याची ताटली म्हणून ओळखतात. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मला कुत्री आवडत नाहीत. त्यांची जीभ लिबलिबीत असते, तोंडाला वास येतो, आणि जेवताना ती असा मचमच आवाज करतात की चांगल्या घरातल्या भांड्याला लाज वाटावी. माझी हकिगत ऐकून झाल्यावर तुम्हांला वाटेल की मला माणसंही फारशी आवडत नाहीत. तुम्हांला बरोबरच वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा पत्रा साच्यात दाबला, पांढऱ्या लेपात बुडवला आणि भट्टीत घातला. भट्टीत माझ्याबरोबरच्या कित्येकींच्या अंगावर फोड आले. त्यांना बाजूला काढलं. मला एकही फोड आला नाही, म्हणून मी तेव्हापासूनच जरा ताठ्यात असे. जास्वंद ठशाने उमटवलेली होती, पण ती हाताने काढली आहे असं कोणी म्हणालं तर मला मुळीच वाईट वाटत नसे. मग आम्हां बारा बहिणींना पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरलं आणि बोटीने फिलिपिन्समधल्या सान रोके या किनाऱ्यावरच्या गावी पाठवलं. तिथे प्रोसिंग नावाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही तिचा आहेर होतो.

त्या घरातली माझी पहिली वर्षं फार चांगली गेली. आम्ही फळीवर पडद्याआड राहायचो आणि फक्त मोठ्या दिवशी खाली यायचो. बारसं असलं, पाद्री जेवायला आले, किंवा गावच्या संताची फिएस्ता, म्हणजे जत्रा असली, की आमची आठवण व्हायची. एकदा पाद्रीबाबा माझ्यातला भात संपवून म्हणाले की या फुलावरचा भात जास्त गोड लागतो. मी ते खरं मानलं. पुढे कळलं की ते प्रत्येक घरात असंच काहीतरी म्हणत, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा वाढत असत.

मग एका बारशाला प्रोसिंगच्या एका चुलतदिराने माडी जास्त घेतली आणि मला उलटी धरून ढोलकीसारखी बडवायला सुरुवात केली. वाजवता वाजवता तो जिन्यावरून घसरला. त्याला काही झालं नाही. माझ्या काठाचा मात्र टवका उडाला. आमच्याकडे टवका उडालेलं ताट पाहुण्यापुढे ठेवत नाहीत, तो पाहुण्याचा अपमान समजतात. प्रोसिंगच्या सासूने मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही आता कुत्र्याला." एवढंच. ज्या गाढवाने मला फोडलं, त्याला दुसऱ्या ताटलीत वाढलं.

आमचं घर खांबांवर आहे. वर माणसं राहतात, खाली कोंबड्या, जाळी आणि कुत्रा. त्या दुपारी मी वरून खाली आले ती आलेच. तेव्हाचा कुत्रा होता कापे. रंगाने कॉफीसारखा, म्हणून कापे. त्याने मला पहिल्यांदा चाटलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. भात संपला तरी तो चाटतच होता. मूर्ख प्राणी. जास्वंद खरी आहे असं त्यालाही वाटलं असावं.

या कापेमुळे मला प्रोसिंग कळली. तोवर मी तिला फक्त खालच्या मानेने वाढणारी सून म्हणून पाहिलं होतं. कुत्र्यापुढे ती वेगळीच बाई व्हायची. मला रोज राखेने घासायची. शेजारणी हसायच्या, कुत्र्याचं भांडं कोणी रोज घासतं का म्हणून. ती म्हणायची, "काल रात्रीचा मासा तुझ्या ताटात तसाच ठेवते, सकाळी खाशील?" भातातून माशाचे काटे बोटाने चाचपून काढायची. शिजलेल्या कोंबडीचं हाड कधी घालायची नाही, ते दाढेखाली सुरीसारखं फुटतं आणि घशात रुततं म्हणून. खारवलेलं नाही, कांद्याचं नाही. संध्याकाळी कापेचे कान उलटे करून गोचिडी शोधायची. आणि कितीही राग आला तरी जेवण देणारा हात कुत्र्यावर उचलायचा नाही, असं तिचं म्हणणं होतं. या सगळ्यासाठी गावात तिची थट्टा व्हायची, आणि कुत्रं आजारी पडलं की थट्टा करणारे तिच्याच जिन्याखाली येऊन उभे राहायचे. तेव्हा त्यांचा चेहरा कसा होत असे ते मी खालून पाहिलं आहे.

कापे मेला तो विषाने. कोणा कोंबडीचोराने कुंपणावरून विष लावलेला मासा टाकला आणि त्या खादाडाने तो दोन घासांत संपवला. प्रोसिंग दिवसभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी रिकामीच बाजूला पडले होते. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही, फक्त त्या दिवशी मला कोणी घासलं नाही हे लक्षात राहिलं.

त्यानंतर तिने एक नियम केला. पुढची सगळी कुत्री त्या नियमात वाढली. पिल्लू आणलं की ती मला भरून त्याच्यापुढे ठेवायची आणि तळहाताने झाकायची. "हुलात," म्हणायची. हुलात म्हणजे थांब. पिल्लू धडपडायचं, रडायचं, तिची बोटं चाटायचं. ते शांत बसलं की ती चमच्याने माझ्या काठावर वाजवायची, नेमकं टवका उडाला आहे तिथे. तिथलं लोखंड उघडं असल्यामुळे माझा आवाज माझ्या बहिणींसारखा बद्द येत नाही. टण्ण असा येतो आणि घुमतो. तो आवाज झाला की खायचं. तो झाल्याशिवाय समोर काहीही येऊन पडलं तरी तोंड लावायचं नाही. पुढचा पांढरा कुत्रा पुतो हे शिकला, आणि त्याच्यानंतर आलेला मोंगो तर इतका पक्का शिकला की समोर तळलेला मासा पडला तरी तोंड वळवून बसायचा. मोंगो म्हणजे मूग. रंग तसाच होता, मळकट हिरवट. दिसायला काही विशेष नाही.

वर्षं गेली. प्रोसिंगचा नवरा गेला, मुलगा जहाजावर नोकरीला लागला, घरात मेर्ली नावाची सून आली, आणि प्रोसिंगला सगळं गाव लोला प्रोसिंग म्हणू लागलं. लोला म्हणजे आजी. मोंगोही म्हातारा झाला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणसं त्याला वासावरून कळत आणि जेवण माझ्या आवाजावरून.

आता शेजाऱ्यांबद्दल सांगते. कुंपणापलीकडे नेस्तोर राहतो. तो तिचाकी चालवतो. त्याला एक मुलगी, जोनालिन, शाळेत नुकती जाऊ लागलेली. नेस्तोरला वाटे की आपण मोठे दयाळू. रविवारी कोंबडी खाऊन झाली की तो हाडं कुंपणावरून मोंगोकडे फेकायचा. लोला ती गोळा करून परत त्याच्या अंगणात टाकायची. "तुझा कचरा तुझ्याकडेच ठेव," म्हणायची. तो हसायचा. हाडं टाकणं म्हणजे दया, असं मानणारी माणसं तुमच्याकडेही असतीलच. जोनालिन मात्र दिवसभर लोलाच्या मागे मागे असायची आणि तिचा शब्द न् शब्द झेलायची.

एका रविवारी लोलाने मला वाजवलं, मोंगो जेवायला लागला, आणि ती पाणी आणायला वर गेली. तेवढ्यात कुंपणावरून हाडं आली आणि नेमकी माझ्यात पडली. जोनालिन तिथे होती. हाडं वाईट असतात हे तिला पाठ होतं. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालायचा नाही, हेही लोलाने तिला सांगितलं होतं, पण त्या क्षणी तिला पहिलंच आठवलं. तिने हात घातला. मोंगोला अर्धंमुर्धं दिसत होतं, त्याला वाटलं कोणी जेवण ओढून नेतंय. तो चावला. माझ्या जास्वंदीवर रक्त पडलं.

लोला धावत खाली आली. तिने पोरीला हातपंपाखाली धरलं आणि साबण लावून हात धूत राहिली, खूप वेळ. पोर रडत होती आणि लोला पंप मारत होती. एवढ्यात नेस्तोर आला, पोरीला उचललं, जखमेवर लसूण चोळला आणि शिंगवाल्याकडे पळाला. हा शिंगवाला आमच्या गावाबाहेर राहतो. हरणाचं कापलेलं शिंग जखमेवर उलटं ठेवून विष ओढून काढतो म्हणे. लोकांची त्याच्यावर फार श्रद्धा आहे. ज्यांचं पुढे वाईट झालं ते सांगायला राहिले नाहीत, त्यामुळे त्याचं नाव कायम चांगलंच राहिलं.

लोला तिथे जाऊन त्या दोघांना ओढत परत घेऊन आली. आमच्या जिन्याखालीच भांडण झालं.

"विष नसतं रे ते," लोला म्हणाली. "साप नाही चावलाय पोरीला. शिंगाने ओढायला तिथं आहे काय? शहरात न्यायचं आणि सुई टोचायची. आत्ताच्या आत्ता. काढ तुझी तिचाकी."

"नेतो," नेस्तोर म्हणाला. "आधी याला संपवतो."

त्याच्या हातात जाड बांबू होता. मागे माडी पिणारे दोघे-तिघे उभे होते. दुसऱ्याचं कुत्रं मारायचं म्हटलं की यांना कुठून एवढी हुशारी येते कोण जाणे.

"मार की," लोला म्हणाली. "मार, आणि मग बस आयुष्यभर पोरीकडे बघत. आज शिंकली, पिसाळली का? पाणी नको म्हणाली, पिसाळली का? अरे, चावलेला कुत्रा जिवंत ठेवायचा असतो. बांधायचा आणि दोन आठवडे बघायचं. खातोय, पितोय, शेपूट हलवतोय, तर तो निरोगी. तुलाही झोप लागेल."

"टोचलेलं आहे का याला या वर्षी?"

लोलाने नाही म्हणून मान हलवली. त्या वर्षी लस टोचणारी माणसं आमच्या गल्लीत पोचायच्या आधीच लस संपली होती. पुन्हा येतो म्हणाले आणि आले नाहीत.

"नाही ना?" नेस्तोर म्हणाला. "मग? आणि याने खाणं सोडलं तर?"

"सोडलं तर मी तुझ्या आड येणार नाही."

असं ठरलं, आणि नेस्तोर पोरीला घेऊन सुईसाठी शहरात गेला. मित्रांनो, म्हणजे आता मोंगोचा जीव माझ्यावर होता. मी भरलेली राहिले तर त्याचं मरण, रिकामी झाले तर तो जगणार. मोंगोला लांब दोरीने सावलीच्या खांबाला बांधलं. रोज सकाळी नेस्तोर कामावर जाण्याआधी कुंपणावरून वाकून माझ्यात डोकावायचा. बाजाराला निघालेल्या बायका डोकावायच्या. पाद्रीबाबांच्या वेळीसुद्धा माझ्याकडे एवढ्या लोकांनी पाहिलं नव्हतं. लोला मला वाजवायची, तो म्हातारा मला चाटून लख्ख करायचा, आणि लोक जरा निराश होऊनच पुढे जायचे. नेस्तोर मात्र निराश होत नसे. त्याच्या चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं मला दिसायचं. तो मूर्ख होता, पण त्याची भीती खरी होती.

दोन आठवडे भरत आले आणि गावची फिएस्ता आली. आमच्या गावाचा संत सान रोके. त्याच्या पायाशी एक लाकडी कुत्रा असतो, तोंडात पाव धरलेला. संत आजारी पडून रानात एकटा होता तेव्हा या कुत्र्याने त्याला पाव आणून जगवलं, अशी गोष्ट आहे. त्या दिवशी लाकडी कुत्र्याला फुलांचा हार घालतात, अत्तर शिंपडतात, बँड लावून मिरवतात. बायका त्याच्या पंज्याला हात लावून डोळ्यांना लावतात. आणि मिरवणुकीच्या वाटेत जिवंत कुत्रा आला तर त्याला लाथ बसते, कारण तो सणाची शोभा घालवतो.

फिएस्ताच्या आदल्या दिवशी मेर्लीची थोरली बहीण दिविना मनिलाहून आली. तिच्याबरोबर प्रिन्सेस होती. प्रिन्सेस म्हणजे एक लहान केसाळ कुत्री, जिच्या डोक्यावर फीत होती आणि जिचे पाय जमिनीला लागत नव्हते, कारण दिविना तिला लहान बाळासारखी बाबागाडीत घालून ढकलत होती. त्या कुत्रीला तिने माझ्यासमोर केक भरवला. मोंगोने शेपूट हलवून त्या दोघींचं स्वागत केलं. दिविनाने नाकाला रुमाल लावला.

"मला कुत्री फार आवडतात हं," ती मेर्लीला म्हणाली. "पण असली नाही बाई."

फिएस्ताच्याच दिवशी जोनालिनची पुढची सुई होती. नेस्तोरला मिरवणुकीत संताची पालखी उचलायची होती. त्याचा नवस होता. म्हणून लोला पहाटे पोरीला घेऊन जीपने शहराला निघाली. जाताना मेर्लीला म्हणाली, "मोंगोला वेळेवर दे. आणि ताटली वाजवून दे, विसरू नको."

"हो नानाय," मेर्ली म्हणाली. नानाय म्हणजे आई, सासूला ती तशीच हाक मारते. तिचं लक्ष चुलीवरच्या चार पातेल्यांत होतं.

आमच्याकडे फिएस्ताला प्रत्येक घराचं दार उघडं असतं. ओळखीचा असो नसो, जो येईल तो जेवून जातो. पाहुण्याला ताट नाही म्हणून थांबवणं म्हणजे घराची नाचक्की. आणि ताटं दर वर्षी कमी पडतात. शेजारी मागायला जावं तर त्यांचीही कमी पडलेली असतात. तसंच झालं. दहा वाजायच्या आत मेर्लीने घरातली सगळी ताटं काढली, झाकण्या काढल्या, आणि मग ती जिन्यावरून खाली आली व माझ्याकडे बघत उभी राहिली.

तिने मला उकळत्या पाण्याने धुतलं, दोनदा साबण लावला, आणि स्वतःशीच म्हणाली, "घासलं की सगळी ताटं सारखीच." मोंगोचा भात तिने आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात ओतला, डबा त्याच्यापुढे सरकवला आणि पळत वर गेली.

मी खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा वर आले होते. पांढरं टेबलक्लॉथ, भाजलेलं आख्खं डुक्कर, केळीच्या पानांवर भाताच्या राशी. माझ्या उरलेल्या बहिणी तिथेच होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. मेर्लीने टवक्यावर केळीच्या पानाचा तुकडा लावला आणि मला दिविनाच्या हातात दिलं.

"अय्या, किती गोड," दिविना म्हणाली. "अगं, मनिलात असल्या जुन्या एनॅमलला लोक वेडे झालेत. हाताने काढलंय हे फूल. मेर्ली, ही मी घेऊन जाणार."

ती हाताने काढलेलं म्हणाली. मी फुलून गेले. मी मनातल्या मनात मनिलातल्या एखाद्या भिंतीवर जाऊन बसलेसुद्धा. दिविनाने माझ्यात डुकराची खरपूस कातडी आणि शेवया वाढून घेतल्या आणि खायला लागली. तीही मचमच आवाज करत होती.

खाली फटाके वाजायला लागले. बँड आमच्या गल्लीतून गेला. मोंगोला फटाक्यांचं भय. तो खांबाभोवती फिरला, त्याच्या दोरीने पाण्याची करवंटी कलंडली. मग तो आडवा झाला. वरून भाजलेल्या डुकराचा वास येत होता, त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण डब्याला त्याने तोंड लावलं नाही. टण्ण झालं नव्हतं ना. तो दुपारपर्यंत त्या भातासमोर नाक ठेवून पडून राहिला.

पालखी देवळात पोचवून नेस्तोर परत आला, कुंपणावरून डोकावला, आणि ओरडत सुटला. क्षणात जिन्याखाली माणसं जमली. वरून पाहुणे हातात ताटं घेऊन कठड्याशी आले. दिविना मलाही घेऊन आली, त्यामुळे मला सगळं दिसलं.

"खाल्लं नाही," नेस्तोर म्हणाला. "सकाळपासून. पाणी सांडून टाकलंय. लाळ बघा, लाळ."

त्याच्या गळ्यात अजून मिरवणुकीतला हार होता. हातात तोच बांबू होता. "माझी पोर," तो म्हणाला. त्याने बांबू दोन्ही हातांनी धरला.

"नानायना येऊ द्या," मेर्ली वरून म्हणाली. तिचा आवाज कोणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

"तो ठरलंय म्हणतोय ना, मग ठरलंय," एक माडीवाला म्हणाला.

दिविनाने माझ्यातली कातडी मोडून तोंडात टाकली. "मला कुत्री फार आवडतात," ती म्हणाली, "पण मारून टाकलेलं बरं. माझ्या प्रिन्सेसला काही झालं म्हणजे?"

मित्रांनो, मी ताटली आहे. मला हात नाहीत, तोंड नाही. मला एवढंच येतं की कोणी मारलं तर वाजायचं. आणि मला मारायला तिथे कोणी नव्हतं. सगळे त्या म्हाताऱ्याला मारायला निघाले होते. मी दिविनाच्या हातात शेवया धरून होते. इतका किळसवाणा पदार्थ माझ्यात त्याआधी कधी वाढला गेला नव्हता.

नेस्तोरने बांबू उचलला तेव्हा फाटकातून लोला आली. मिरवणुकीमुळे जीप गावाबाहेरच थांबली होती, म्हणून ती आणि जोनालिन चालत आल्या होत्या. लोलाने बांबू पाहिला, लाळ पाहिली, मग प्लास्टिकचा डबा पाहिला.

"ताटली कुठंय?" ती म्हणाली.

वर मेर्ली कठड्यापासून एक पाऊल मागे सरली.

"लोला, तुम्ही म्हणाला होता आड येणार नाही," नेस्तोर म्हणाला.

"येणार नाहीच. मेर्ली, मोंगोची ताटली कुठंय?"

मेर्ली बहिणीच्या हाताकडे बघत राहिली. लोलाने तिच्या नजरेमागे नजर नेली. ती जिना चढून आली, दिविनासमोर उभी राहिली, माझ्या काठावरचं केळीचं पान नखाने काढलं, आणि मला तिच्या हातातून घेतलं.

"अहो, मी जेवतेय," दिविना म्हणाली.

"दुसरी घे. ही कुत्र्याची आहे."

दिविनाच्या तोंडात घास तसाच राहिला. मग ती तोंडावर हात धरून परसात धावली आणि प्रिन्सेस गाडीत बसून भुंकायला लागली. जिला कुत्री फार आवडतात, तिची ही गत.

लोलाने माझ्यातल्या शेवया टेबलावर ओतल्या, मला पुसलं, खाली उतरली. भात घातला, मासा कुस्करला, काटे चाचपले. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते, पण तिचा श्वास मला जवळून ऐकू येत होता आणि तो नेहमीसारखा नव्हता. तिलाही खात्री नव्हती. त्या सगळ्या गर्दीत हे फक्त मला कळलं.

जोनालिन पुढे आली. तिने दोन्ही हात पाठीमागे धरले होते. "लोला, हाडं नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाहीत ग."

"मग वाजवा."

लोलाने मला मोंगोपुढे ठेवलं. "हुलात," ती म्हणाली. मोंगोने कान हलवले. मग तिने चमचा उचलला आणि माझ्या टवक्यावर मारला.

मी माझ्या आयुष्यात इतकी जोरात कधी वाजले नाही.

मोंगो उठला. पाय अडखळले, पण उठला, आणि माझ्यात तोंड घालून खायला लागला. भात संपवला, मासा संपवला, जास्वंद चाटली, टवका चाटला. लोलाने करवंटीत पाणी ओतलं, तेही तो लपालपा प्यायला. नेस्तोरने बांबू टाकून दिला आणि जमिनीवर बसून पोरीला कुशीत घेऊन रडला. माडीवाले वर जेवायला गेले. त्यांना काहीच झालं नाही.

उरलेले दिवस संपले, जोनालिनच्या सुया संपल्या, आणि मोंगो त्यानंतर आणखी दोन फिएस्ता जगला. मेर्लीने त्याच्यासाठी चकचकीत स्टीलचं भांडं आणलं होतं. ते खिळ्याला टांगलं आहे, त्यात कोंबड्या अंडी घालतात. दिविना मनिलाला गेली आणि मला न्यायचं विसरली.

आता खांबाला एक नवं पिल्लू आहे. काळं, बावळट, सगळीकडे मुतणारं. लोलाचे गुडघे दुखतात म्हणून मला आता जोनालिन वाजवते. रोज घासते, काटे काढते, आणि भात घातला की आधी आपले हात पाठीमागे नेते. नेस्तोर हाडं त्याच्याच अंगणात पुरतो. लस टोचणारी माणसं गल्लीत पोचली नाहीत, तर पिल्लाला पिशवीत घालून त्यांच्याकडे घेऊन जातो.

मला कुत्री अजूनही आवडत नाहीत. पण फिएस्ताच्या त्या एका दिवशी माझ्यात दोघं जेवली. एकीने मला डोक्यावर घेतलं, आणि मी कोणाची हे कळताच तिला ओकारी आली. दुसरा भरलेल्या डब्यासमोर दुपारपर्यंत उपाशी पडून होता, कारण मी वाजले नव्हते. मारायला माणसं आली तरी तो माझीच वाट बघत होता. माझी, टवका उडालेलीची.

म्हणून मित्रांनो, कुत्रं पाळायचं असेल तर त्याची ताटली रोज घासा. त्यात हाडं टाकू नका, आणि ते जेवत असताना हात घालू नका. त्याला हार घातला नाहीत तरी चालेल. आणि घरी कितीही पाहुणे आले, तरी ती ताटली त्याच्यापुढून उचलू नका. पाहुण्याला दुसरं ताट चालतं. कुत्रं वाट बघत बसतं.